थोरलीने हसणं सोडलं त्याची गोष्ट

औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईने हसलंच पाहिजे असा काही कायदा नाही. तरी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूससुद्धा जाता जाता एखादा विनोद टाकतो आणि समोरच्याने निदान ओठ हलवावेत असं त्याला वाटतं. थोरलीचे ओठ हलत नसत. ती चिठ्ठी घ्यायची, फळीवरून पाकीट काढायची, कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापायची आणि "जेवणानंतर" एवढं म्हणून मोकळी व्हायची. माल पोहोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने तिचं नाव 'एक्स्पायरी मॅडम' ठेवलं होतं. तारीख उलटलेल्या मालासारखा चेहरा, म्हणून. हे नाव एकदा तिच्या कानावर पडलं. नाव झकास आहे असं तिला वाटलं, आतून हसू उसळून आलं, आणि तेवढ्यासाठीच तिने दात आवळून पाठ फिरवली. टेम्पोवाला समजला, बाई चिडली.

बाईला हसू येत नव्हतं अशातला भाग नाही. हसू यायचं, आणि हसू आलं की तिला लघवी व्हायची. एवढंच. यात कुणाला मौज वाटत असेल तर खुशाल हसावं. ज्यांना हसणं परवडतं त्यांनी हसून घ्यावं, थोरलीला पंचवीसेक वर्षं ते परवडत नव्हतं.

एके काळी तिच्याएवढं हसणारं माणूस त्या घरात नव्हतं. तिचे वडील तिला 'खिंकाळी' म्हणायचे, कारण हसण्याचा शेवट घोड्यासारखा व्हायचा. आणि तिला हसवायचं काम जन्मजात धाकटीकडे होतं. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, अंगाने काडी, पण कुणाचीही नक्कल अशी हुबेहूब करायची की खरा माणूस नंतर भेटला तर तोच खोटा वाटावा. ती ह्या नकला साऱ्या जगासाठी करत नसे. तिचा डोळा थोरलीवर असायचा. थोरलीचे खांदे हलायला लागले की धाकटीच्या अंगात यायचं, आणि दोघींची अशी मुरकुंडी वळायची की आईला ताटं बाजूला सरकवावी लागत. कुणाच्या घरी दुःखाचा प्रसंग असला आणि भेटायला जायचं झालं, तर आई दोघींच्या मधे बसायची. तेवढी खबरदारी घेतल्याशिवाय ती दोघींना घेऊन घराबाहेर पडत नसे.

मग लग्नं झाली, दोघी एकाच शहरात राहिल्या आणि थोरलीला दोन मुलं झाली. पहिल्याने काही त्रास दिला नाही. दुसऱ्याचं डोकं मोठं आणि स्वभाव आडमुठा. त्याला शेवटी चिमटा लावून ओढून काढावं लागलं. बाळ उत्तम होतं. सगळ्यांनी बाळाकडे पाहिलं आणि बाळाच्या आईकडे बघायचं राहून गेलं. दीड महिन्याने तपासणीला गेली तेव्हा थोरलीने खाली मान घालून डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की शिंकलं, खोकलं, हसलं की कपडे ओले होतात. डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "थोडंफार चालायचंच. बाळ किती गोड आहे बघा." बाळ गोडच होतं. पण विचारलं काय आणि सांगितलं काय. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आम्हालाही होतं की. म्हणून आम्ही काय गावभर बोंबलत फिरलो?" झालं. तिसऱ्या कुणाला विचारायची थोरलीची हिंमत झाली नाही.

त्याच सुमाराला धाकटीने नवा सोफा घेतला. फिक्या रंगाचा, बसलं की खोल जाणारा. थोरली बघायला गेली, तर धाकटीने सोफा विकणाऱ्या माणसाची नक्कल सुरू केली. तो म्हणे प्रत्येक सोफ्यावर स्वतः बसून दाखवायचा आणि म्हणायचा, "एकदा बसलात ना ताई, उठावंसंच वाटणार नाही," आणि मग त्याला स्वतःलाच उठता येईना. धाकटी हात हवेत फेकत, पाय झाडत त्या सोफ्यातून उठायची धडपड करत होती. थोरली हसली. खिंकाळली. आणि तिला कळलं की आपल्याखाली सोफा गरम झालाय. तिने टीपॉयवरचा पाण्याचा पेला उचलला आणि मांडीवर उपडा केला.

"अगं बाई, सांडलं सगळं!"

"जाऊ दे गं, सोफाच आहे," धाकटी हसत हसत म्हणाली. "बघ, आता तरी उठावंसं वाटेल."

घरी जाऊन थोरलीने न्हाणीघराचं दार लावलं आणि कपडे धुता धुता कानाला खडा लावला. बाकी जगात कुठेही जायचं, धाकटीसमोर बसायचं नाही. जगातल्या इतर विनोदांना दात आवळून थोपवता यायचं. धाकटीला थोपवता येत नव्हतं.

तिथून पुढे तिचं आयुष्य म्हणजे नुसता बंदोबस्त झाला. घराबाहेर पडायच्या आधी पाणी प्यायचं नाही. कपडे गडद रंगाचे. कुठल्या रस्त्यावर कुठे संडास आहे, त्याला कडी आहे की नाही, हे तिला पाठ. शिंक येतेय असं वाटलं की मांडीला मांडी. आणि सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत ओटीपोट आत ओढलेलं, श्वास वरच्या वर, जबडा घट्ट. शेजारणी म्हणायच्या, काय ताठ चालते, नाकावर माशी बसू देत नाही. कुठल्याशा मासिकात तिने वाचलं होतं की लघवी करताना मधेच थांबवण्याचा व्यायाम करावा, म्हणून तेही ती इमानेइतबारे दर वेळी करायची.

औषधांच्या दुकानात नोकरी धरली तेव्हा एक सोय झाली. तिथे मोठ्यांचे पॅड मिळायचे, खालच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यामागे. ते न्यायला बायका यायच्या, इकडेतिकडे बघायच्या, दुकान रिकामं होईपर्यंत दातांच्या ब्रशांचे रंग न्याहाळत उभ्या राहायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "सासूबाईंसाठी हवंय." झाडून साऱ्याजणी. त्या भागात इतक्या सासवा अंथरुणाला खिळल्या असतील असं वाटत नव्हतं. थोरली एक अक्षर न बोलता पाकीट कागदात गुंडाळून द्यायची. स्वतःसाठी एक बाजूला काढायची आणि मालकांना सांगायची, सासूबाईंसाठी. मालक भला माणूस. दर वेळी विचारायचे, "कशा आहेत सासूबाई?" "बऱ्या आहेत," थोरली सांगायची. सासूबाईंना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याच्यावर खापर फोडता आलं असतं. तो एकदा म्हणाला, "पूर्वी तू किती हसायचीस." थोरली म्हणाली, "पूर्वी तुम्ही विनोदी होतात." तो गप्प बसला. तिलाही वाटलं, बरं झालं, गप्प बसला.

धाकटीला मात्र कळेना, ताईला झालंय काय. थोरली आली तरी दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर टेकायची, चहा अर्धा ठेवायची, आणि धाकटी काही सांगायला लागली की मधेच तोडायची, "पुरे गं, आता आपली वयं झाली." चाळिशीही गाठली नव्हती दोघींनी. धाकटीने नाद सोडला नाही. तिने स्वतःचं केस कापायचं दुकान काढलं, तिथे बायकांची ही गर्दी, आणि त्यातल्याच काही हौशी बायकांबरोबर तिने नाटकात काम करायला सुरुवात केली. एक फार्स बसवला. त्यात धाकटी झोपाळू न्यायाधीश, खोट्या मिशा लावून. पहिल्या प्रयोगाचं तिकीट तिने स्वतः आणून दिलं, तिसऱ्या रांगेत अगदी मधलं.

"ताई, तू मधे बस. तू आधी हस, बाकीचे तुझ्या मागून येतील. मला नुसता तुझा आवाज आला ना, की मी सुटले."

थोरलीने सकाळपासून पाणी घेतलं नाही. दोन पॅड लावले, वर काळा पोशाख. पहिला अर्धा तास तिने हॉलच्या छताला किती दिवे आहेत ते बघण्यात काढला. मग न्यायाधीश घोरू लागले, घोरता घोरता मिशी घसरून हनुवटीवर आली, आणि त्यांनी डोळे न उघडता टेबलावर हात फिरवून कारकुनाचा टेबल झाडायचा ब्रश उचलला आणि ओठावर दाबून धरला. वर निकालही दिला. थोरलीच्या पोटातून ते वर यायला लागलं. दात आवळले, मांड्या आवळल्या, तरी पहिला थेंब गेलाच. ती उठली. लोकांच्या गुडघ्यांवरून, पिशव्यांवरून, चेहरा दगड करून, भर प्रवेशात चालती झाली.

स्टेजवरून तिसरी रांग चांगली दिसते. धाकटीने डोळे उघडले होते. पुढचं वाक्य तिला आठवायला इतका वेळ लागला की विंगेतून कुणीतरी ते मोठ्याने सांगितलं. लोक हसले, पण हसायला हवे होते तेवढे हसले नाहीत. थोरलीने उरलेलं नाटक थिएटरच्या संडासात उभं राहून ऐकलं आणि पडदा पडायच्या आत ती बस धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. "ताई, काल काय झालं गं?"

आता, इथे खरं सांगता आलं असतं. खरं जमत नव्हतं तर साधं खोटं सांगता आलं असतं. डोकं दुखत होतं म्हणायचं, मुलाला ताप होता म्हणायचं. पण वर्षानुवर्षं लपवणाऱ्या माणसाला साधं खोटं पुरेसं वाटत नाही. पुढचा पुन्हा कधी विचारणार नाही असं खोटं त्याला लागतं. थोरली म्हणाली, "मला नाही बघवलं. ह्या वयात कसली ती सोंगं करायची?"

धाकटी "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिने पुन्हा कधीच विचारलं नाही. हवं होतं तेच थोरलीला मिळालं होतं. त्यानंतर दोघी भेटल्या त्या लग्नाकार्यात, आणि आई गेली तेव्हा. आईच्या वेळी दोघी खोलीच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मधे कुणी बसायची गरजच नव्हती.

अशी दहा-बारा वर्षं गेली. दुकानासमोर मोठं हॉस्पिटल झालं आणि तिथली एक पोरगी हातमोज्यांची खोकी आणि जेलच्या ट्यूबा न्यायला येऊ लागली. तिथे फिजिओथेरपी करायची म्हणे. थोरलीला वाटलं, गुडघे आणि कंबर. एक दिवस पोरगी खाली वाकून खोक्यामागची फळी बघायला लागली.

"हे बरंच जातं का हो काकू?"

"जातं."

"कोण नेतं?"

"सुना. सासवांसाठी."

पोरगी खुदकन हसली. "मग ह्या सासवांना माझ्याकडे पाठवा ना. मी तेच बघते. गुडघे-बिडघे नाही. लघवी गळते, अंग बाहेर येतं, बाळंतपणानंतरची दुखणी. व्यायामाने बऱ्याच बायका बऱ्या होतात."

"सासवा बाहेर पडत नाहीत," थोरली म्हणाली.

"मग सुनांना पाठवा," पोरगी म्हणाली आणि तिच्याकडे सरळ बघत राहिली. थोरलीने घाईने बिल केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

तरी ती लगेच गेली नाही. सवय इतक्या सहज सुटते थोडीच. पुरा हिवाळा गेला. मग एका दुपारी दुकानासमोरून धाकटी जाताना दिसली, एकटीच, हातात पिशवी, केस पार पिकलेले. रंगवायचे सोडले होते. सगळ्या शहराचे केस रंगवणारी बाई. थोरली पटकन टॉनिकच्या बाटल्यांच्या कपाटामागे सरकली आणि ती जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. धाकटी गेली, आणि थोरलीला स्वतःची अशी काही शिसारी आली की विचारू नका. सख्ख्या बहिणीला बघून लपायचं! दुसऱ्या दिवशी तिने मालकांकडून तासाभराची सुट्टी घेतली.

फिजिओवालीची खोली तिसऱ्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीच्या शेजारी, जिकडे कुणी चुकून फिरकत नाही तिकडे होती. उंच टेबल, त्यावर कागद अंथरलेला, एक पडदा, एक खुर्ची. टेबलाशेजारी कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा, त्याच्या तळाशी तांबड्या रबराचे पट्टे ताणून बसवलेले.

"ही झोळी," पोरगी बोटाने दाखवत म्हणाली. "मूत्राशय, गर्भाशय, सगळं हिच्यावर टेकलेलं असतं. तुमच्या दुसऱ्या बाळाने ही ताणली." मग तिने तपासणी कशी करणार ते नीट सांगितलं, हातमोजा घालून, एका बोटाने, आणि नको वाटेल तिथे थांबवायचं. "चालेल ना?" असं विचारलं. थोरलीला त्या जागी कुणी कधी काही विचारून केलेलं आठवत नव्हतं. ती हो म्हणाली.

"आवळा. हं. आता सोडा."

"सोडलं."

"नाही सोडलंत, काकू."

"सोडलं म्हणते ना!"

"बरं, श्वास सोडा. दात सोडा. पोट सोडा बघू, बाहेर येऊ दे, इथे कोण बघतंय." पोरगी बराच वेळ थांबली. मग हातमोजा काढून तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "तुमचे स्नायू दुबळे असतील असं मला वाटलं होतं. ते दमलेत. किती वर्षं आवळून धरताय?"

"पंचवीस झाली असतील."

"दिवसभर?"

"मग? सोडून कसं चालेल?"

"दिवसभर मूठ आवळून ठेवली तर संध्याकाळी त्या मुठीत काही बळ उरेल का? ऐन वेळी आवळायला तुमच्याकडे काही शिल्लकच राहत नाही. हसू आलं की म्हणून निसटतं. आणि ते लघवी मधेच थांबवायचं आजपासून बंद. त्याने उलट बिघडतं."

थोरली छताकडे बघत पडून राहिली. "म्हणजे मी इतकी वर्षं जे केलं..."

"तेच करायला नको होतं," पोरगी हळू आवाजात म्हणाली.

"आणि तेव्हाच, मूल झाल्या झाल्या कुणी दाखवलं असतं तर?"

पोरगी खोटं बोलणारी नव्हती, हीच अडचण. "तीन-चार महिन्यांत आटोक्यात आलं असतं. बहुतेक."

थोरलीला रडू आलं नाही. तिला संताप आला. हात पुसणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईचा आला, मेलेल्या आईचा आला, मासिकात नाही नाही ते लिहिणाऱ्या माणसाचा आला. एवढंसं सांगायला कुणी नसावं? तीन-चार महिने! त्यापायी तिने बहीण घालवली होती. तिने कपडे नीट केले आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेतली.

व्यायाम असा होता की बघणाऱ्याला वाटावं बाई झोपली आहे. पाठीवर पडायचं, गुडघे उभे, हात पोटावर, श्वास घेतला की पोट वर येऊ द्यायचं. पोट बाहेर येऊ द्यायला ती इतकी घाबरायची की सुरुवातीला तिला घाम फुटायचा. जबडा सैल ठेवायचा. "दात सुटले की खालचंही सुटतं," पोरगी म्हणायची. पाणी भरपूर प्यायचं. हे बरेच दिवस चाललं, आणि सोडायला येऊ लागल्यावर मग आवळायला शिकवलं. थोडंच, नेमकं, वर ओढल्यासारखं, खोकल्याच्या अगदी आधी, आणि लगेच सोडून द्यायचं. थोरली घरी करायची, काउंटरमागे उभ्या उभ्या करायची. जबडा सैल झाला तसा तिचा चेहराही जरा माणसात आला. टेम्पोवाल्याने विचारलं, "मॅडम, आज काय विशेष?" "माल उतरव," थोरली म्हणाली.

पावसाळा संपता संपता पोरगीने तिला भरपूर पाणी पाजलं, अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग खोकायला लावलं. कोरडं. उड्या मारायला लावल्या. त्रेपन्न वर्षांची बाई, चादरींच्या खोलीशेजारी उड्या मारत होती. तरीही कोरडं.

"राहिलं हसणं," पोरगी म्हणाली आणि मोबाईलवरून एक विनोद वाचून दाखवला. थोरली बघत राहिली. "काकू, याला सगळे हसतात हो."

"ते तुझे मित्र असतील."

यावर पोरगी स्वतःच पोट धरून हसली. थोरली नुसती बघत होती. "मला हसवणारी एकच आहे," ती म्हणाली.

"मग जा की तिच्याकडे. आता कसली भीती?"

भीती होतीच, पण वेगळी. आपण खरं सांगितलं की धाकटी एकदा चिडेल, चार शब्द सुनावेल, आणि मग तिचं ते सुरू होईल, कुणाची तरी चाल, कुणाचा तरी आवाज, आणि आपण हसू, असं थोरलीने मनाशी धरलं होतं. एवढ्यासाठी तर तिने पोट सोडलं होतं. दुपारची, गिऱ्हाईक नसतं ती वेळ बघून ती धाकटीच्या दुकानात गेली.

दोन खुर्च्या, दोन आरसे, झाडून एका कोपऱ्यात केलेला केसांचा ढीग. धाकटी टॉवेल गुंडाळत होती. तिने आरशातच पाहिलं.

"वाट चुकलीस का गं?"

"तुझ्याकडेच आले." आणि थोरलीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सोफा, पाण्याचा पेला, दाराजवळची खुर्ची, दोन पॅड, ब्रशाची मिशी, थिएटरचा संडास, फोन. काहीच मागे ठेवलं नाही. धाकटीचे हात सुरुवातीला चालत होते, मग थांबले.

"म्हणजे तुला हसू येत होतं?"

"मरणाचं."

धाकटी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. "मग मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"माझी? तू चौथीत असतानाची तुझी ओली अंथरुणं मी उन्हात टाकलीत ताई, आई ओरडेल म्हणून. माझी कसली लाज?"

धाकटीने टॉवेल पुन्हा गुंडाळायला घेतला.

"मी पुन्हा स्टेजवर गेले नाही, माहितीये तुला?"

"का? सगळे म्हणत होते छान झालं."

"सगळ्यांना घेऊन काय करू? मी आयुष्यभर एका माणसाकडे बघून बघून हे सगळं शिकले. तोच माणूस उठून गेला. मला वाटलं, आपल्यात मुळात काही नव्हतंच. ताई लहानपणी आपली प्रेमाने हसायची, आपण खरं धरलं. आणि वर म्हणालीस, सोंगं."

"खोटं बोलले गं मी."

"ते तू आज सांगतेयस. मी ते खरं समजून चालले ना इतकी वर्षं." धाकटीचा आवाज चढला नाही. चढला असता तर थोरलीला बरं वाटलं असतं. "दुसऱ्या दिवशी नाटकातल्या बायका बोलवायला आल्या, मी म्हटलं मला वेळ नाही. पुढेपुढे इथेही बोलावंसं वाटेना. आता केस कापते. बायकांनाही बरं वाटतं, घाईत असतात."

"रागावलीस ना?"

"राग होता तेव्हा बरं होतं गं. निदान डोक्यात काहीतरी चालायचं. तोही गेला केव्हाच."

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न देत गेली. थोरली भिंतीजवळच्या बाकड्यावर बसली. काय करावं तिला सुचेना, म्हणून जे मागायला आली होती तेच तिने मागितलं.

"एखादी गोष्ट सांग ना. कुठलीही."

"आता?"

"सांग ना गं. मी आता हसू शकते."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. थोरलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याची तिला दया आली असावी. तिने टॉवेल मांडीवर घेतला आणि सांगायला सुरुवात केली.

"काल एक बाई आली होती. म्हणाली, केस असे काप की कापलेत हे कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, मग कापायचे कशाला? तर म्हणाली, मला कळलं म्हणजे झालं. बरं, कापले. इंचभर. आरसा दाखवला, खूश झाली. तेवढ्यात तिचा नवरा आला न्यायला..."

आवाज सपाट होता. हात टॉवेलवर पडून होते. नवरा आला तेव्हा धाकटी नवरा झाली नाही, बाई बोलली तेव्हा बाई झाली नाही. कुणी पत्ता सांगावा तशी ती सांगत होती. पण थोरलीने ठरवलं होतं. शिकवलं होतं तसं तिने अलगद आवळलं, श्वास घेतला आणि हसली. मोठ्याने हसली, शेवटी खिंकाळलीसुद्धा. काहीच निसटलं नाही.

धाकटी बोलायची थांबली.

"ताई," ती म्हणाली, "अजून सांगून झालं नव्हतं. हसायचं पुढे होतं."

थोरलीचं हसू तोंडातच राहिलं. दारातून एक बाई आत आली, रिकामी खुर्ची कुठली ते बघू लागली. धाकटी उठली, तिने खुर्ची पुसली, बाईच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि विचारलं, "किती कापू?" थोरली बाकड्यावर बसून होती. नवरा आल्यावर पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही, आणि धाकटीनेही सांगितलं नाही.